अठ्ठावीस पौंडाचे बाण

मुलुंड, २७ ऑक्टोबर १९८५

दादा,

अक्षर ओळखलं असशील. फाडू नकोस, आधी वाच. पत्ता तुझ्या दोस्तानं, श्यामकांतनं दिला. त्याच्यावर डाफरू नकोस. तो विशाखापट्टणमहून सुट्टीवर आला आणि मी त्याचा असा पिच्छा पुरवला की बिचाऱ्यानं शेवटी कंटाळून लिहून दिला.

पाच वर्षांनी लिहितेय ते खुशाली विचारायला नाही. खुशाली तू कळवली नाहीस, मीही विचारणार नाही. मला तुझ्याकडून एकच ओळ हवीय. ‘सुगंधा, माझे बाण तास.’ खाली सही. बस, एवढंच लिहून पाठव.

तू तुझ्या निवड चाचणीच्या दिवशी पहाटे निघून गेलास आणि खाटेवर बाण ठेवून गेलास, ते बाण. पुढच्या दसऱ्याला पूजा झाल्यावर बाबांनी ते माझ्या हातात दिले. तेव्हापासून मी तेच मारतेय. डझनातले सहा उरलेत. सातवाही आहे, पण त्याची पिसं कसर लागून झडलीत.

आता मी धनुष्य बदललंय. क्लबातलं अठ्ठावीस पौंडी घेतलंय, ओढायला हलकं. का ते विचारू नकोस, हौस समज. हलक्या धनुष्याला नरम बाण लागतो हे मी तुला काय सांगणार? सुटताना बाणाला धनुष्याच्या अंगाला वळसा घालून जावं लागतं, तेवढं त्याला वाकता यायला हवं. तुझे बाण तू स्वतःच्या पंचेचाळीस पौंडांसाठी केलेले. माझ्या हातून ते वाकतच नाहीत. खाडकन धनुष्यावर आपटतात आणि डावीकडे जातात, प्रत्येक वेळी. नवे करायचे तर गावाहून चिवारीचा बांबू आणून सुकवायला महिने हवेत, आणि क्लबाच्या मोळीतले बाण चुलीत घालायच्या लायकीचे आहेत. म्हणजे तुझेच तासून बारीक करायचे, दुसरा मार्ग नाही.

मी बाबांना विचारलं. म्हणाले, "तेचे बाण आसत. तेका इचारल्याबिगर हात लावूचो नाय." तुझं नाव अजूनही घेत नाहीत हं, पण तुझ्या बाणांना हात लावायला तुझी परवानगी हवी.

राज्याच्या संघाची चाचणी आठ डिसेंबरला आहे, अंधेरीला. बाबांनी अट घातलीय. या खेळण्यातल्या धनुष्यानं संघात येऊन दाखव, नाहीतर धनुष्य माळ्यावर. तू बाबांना ओळखतोस. माळ्यावर गेलेली वस्तू आपल्या घरात कधी खाली आलेली नाही.

मला हे सोडायचं नाही रे. दुसरं काही मला धड येतही नाही. एक ओळ लिही.

सुगंधा


मुलुंड, १० नोव्हेंबर

दादा,

दिवाळी दाराशी आली, तुझं पत्र नाही. पोस्टमन आता मला बघून लांबूनच मान हलवतो.

तुला वाटत असेल, ही पोरगी स्वतःच्या हाताचा दोष बाणावर ढकलतेय. म्हणून मी काय केलं ते ऐक. गॅलरीच्या भिंतीत दोन खिळे ठोकले, त्यावर बाण आडवा ठेवला आणि मधोमध किलोचं वजन टांगलं. वजन वाण्याकडून आणलं. तो म्हणाला, "बाई, बाणांची भाजी करताय की काय?" बाण किती झुकतो ते मागे पट्टी धरून बघितलं. तुझे सहाही बाण जेमतेम झुकले. क्लबात मालन म्हणून एक मुलगी आहे, माझ्याइतकंच हलकं धनुष्य वापरते. तिचा बाण त्यांच्या दुपटीनं झुकला. सांग आता, दोष कुणाचा?

काशीराम सर म्हणाले, "तुला लांब पडतात, काप की बोटभर." ते क्लबात शिकवतात, माणूस देव आहे, पण बाणातलं त्यांना कळत नाही. कापला की बाण आणखी ताठ होतो. हे मला तूच शिकवलंस, मी परकर-पोलक्यात होते तेव्हा, ओल्या काठीचे दोन तुकडे हातात देऊन. "लांब वाकव, आता आखूड वाकव" म्हणालास. मी आखूड तुकडा वाकवायला गेले आणि तो तुझ्याच नाकावर बसला.

पिसांचा बाण खोटं बोलतो, हेही तुझंच. पिसं त्याला वाटेत सावरून घेतात आणि चूक झाकतात. खरं बघायचं तर बिनपिसांचा मारावा. सातवा बाण मारून बघितला. त्याचं काय झालं ते मात्र विचारू नकोस.

आईनं तुझ्यासाठी करंज्या वेगळ्या काढायला घेतल्यात, दर वर्षीसारख्या. कुणाच्या हाती पाठवणार म्हटलं तर माझ्यावरच खेकसली. हल्ली माझे केस तीच विंचरून देते. उजवा हात डोक्यापर्यंत नीट जात नाही, थंडीनं आखडला असेल.

तू पत्र लिहीत नाहीस कारण तुला वाटतं, यातून बाबा बोलतायत. तसं नाही. त्यांना ठाऊकही नाही मी तुला लिहितेय ते. हे माझं माझं आहे.

सुगंधा


मुलुंड, २४ नोव्हेंबर

दादा,

वाट लागली.

आधी खरं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तुला पहिलं पत्र लिहिलं, त्याच्या आधीच मी सातवा बाण तासला होता. काचकागद घेऊन गच्चीवर बसले आणि थोडा थोडा करत बारीक केला. अठ्ठावीस पौंडांवर तो बिनपिसांचा बाण असा सरळ गेला की मी एकटीच हसत सुटले. म्हणून तर मला ठाऊक होतं की बाकीचेही जातील. तरी तुझी परवानगी मागितली, कारण बाबांच्या शब्दाबाहेर सहा बाण तासायची माझी छाती नव्हती. एकाची होती.

तो मी गादीखाली ठेवला होता. काल दुपारी बाबांनी ऊन द्यायला गाद्या काढल्या.

मी क्लबातून आले तेव्हा ते बाण मांडीवर घेऊन बसले होते. चाळीस वर्षं फिटरकाम केलेला माणूस, त्यांना डोळ्यांची गरज नाही. अंगठा फिरवला आणि कळलं.

"इचारलंस तेका?" म्हणाले.

"पत्र लिहिलंय. उत्तर नाही."

"मग कोणी सांगल्यान तासूक?"

मी म्हटलं, "बाबा, हा सरळ जातो. चला, दाखवते."

"नाचता येईना…" त्यांनी सुरू केलं. ही म्हण मी पाच वर्षं ऐकतेय, दादा. बाण डावीकडे गेला की अंगण वाकडं, माझं लक्ष वाकडं, माझं मनच वाकडं. काल माझं डोकं फिरलं. तुला लिहिलं नव्हतं ते सगळं त्यांच्या तोंडावर बोलले, आता तुलाही लिहिते.

मला सुरुवातीला तीस पौंडांचं धनुष्य होतं. तुझे बाण डावीकडे जायचे. बाबांनी दुसऱ्या दसऱ्याला पस्तीसचं आणलं, थोडे कमी डावीकडे जायला लागले. मग अडतीस, मग बेचाळीस. बाण जास्त जास्त सरळ जात होता, कारण धनुष्य हळूहळू तुझ्या धनुष्याइतकं होत होतं. बाणाजोगं धनुष्य कुणी शोधतं का रे? आपल्या घरी शोधलं. या जूनमध्ये सरावात माझा खांदा निखळला. मी पायरीवरून पडले असं घरी सांगितलं, आईला नंतर कळलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा एवढं ओढलंस तर हात कायमचा जाईल.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. आवाज चढला होता माझा, शेजारच्या सुंदराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी म्हटलं, "त्याचे बाण मोडू नयेत म्हणून तुम्ही मला मोडलंत."

 ते हळूच म्हणाले, "माका वाटला, तुझो हात सुधारता."

राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी बाण माझ्या मांडीवर ठेवला आणि चपला न घालता खाली निघून गेले. आई म्हणाली, "आता गप ऱ्हव." 

मला वाईट वाटतंय आणि वाटतही नाही. चाचणीला आता दोन आठवडे उरलेत. तुझी ओळ अजून आली तरी उपयोगी पडेल.

सुगंधा


मुलुंड, १ डिसेंबर

दादा,

तुझ्या ओळीची गरज उरली नाही. बाबांनी बाण तासले. सहाही.

आठवडाभर ते मला टाळत होते. काल सकाळी मी उठले तर कपाटावर बाण नव्हते. गॅलरीत बाबा चटईवर पेपर पसरून बसले होते, कंपनीतून निवृत्त होताना आणलेली हत्यारं बाजूला, चष्म्यावर चष्मा. पिसांपासून टोकाच्या चार बोटं अलीकडपर्यंत सहा काठ्या गुळगुळीत झालेल्या. मला म्हणाले, "बघ. सगळे एका मापाचे. सूतभर फरक नाय." जाडी मोजायचा कॅलिपर लावून दाखवला. खरंच नव्हता, केसाचाही. त्यांचा चेहरा पाढा बिनचूक म्हटल्यावर लहान पोराचा होतो तसा झाला होता.

त्यांनी एका शब्दानं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण बाबांनी आयुष्यात कुणाला काही विचारलंय का? लोखंडाला माप लावलं की काम झालं. बांबू लोखंड नाही. त्याची ताकद सालीत असते, आणि कुठल्या काठीची साल जाड, कुठल्या काठीची पातळ, हे कॅलिपरला दिसत नाही. तू कधी माप लावलंस? गुडघ्यावर टेकवून वाकवायचास, डोळे मिटून, आणि म्हणायचास हा झाला, हा अजून नाही. बाबा बघत असायचे की, रोज. पण तेव्हा त्यांचं लक्ष तू मारतोस कसा याच्याकडे असायचं. तुला बनवायला आवडायचं, मारायला नाही, हे त्यांना कधी दिसलंच नाही.

किलोचं वजन टांगलं. सहा बाण सहा तऱ्हेनं झुकले, आणि सगळे सातव्यापेक्षा जास्त. मैदानावर नेऊन मारले. एक जवळपास सरळ, बाकीचे उजवीकडे. कुणी थोडा, कुणी वावभर, दोन हात पसरावेत एवढा. आधी ताठ होते म्हणून डावीकडे, आता लुळे झाले म्हणून उजवीकडे. मी हसायला लागले, मग रडायला. काशीराम सरांना वाटलं खांदा गेला.

तासलेलं परत चिकटवता येत नाही. आता एकच उपाय राहिलाय, आणि तो काशीराम सरांनी आधीच सांगितला होता, तेव्हा चुकीचा होता. कापायचे. बाण आखूड झाला की ताठ होतो. तुझे हात लांब, माझे आखूड, म्हणून कापायला जागा आहे. टोकाच्या बाजूनं कापावे लागतील, मागे पिसं आहेत.

टोकाच्या मागे काय आहे ते तुला आठवत असेलच.

सुगंधा


मुलुंड, ७ डिसेंबर

दादा,

उद्या चाचणी. पाच बाण झाले.

तुला कळावं म्हणून कसे केले ते लिहिते. लोखंडी टोक स्टोव्हवर तापवायचं, लाख पातळ झाली की पकडीनं ओढून काढायचं. काठी अर्ध्या बोटाएवढी कापायची, टोक परत बसवायचं, मैदानावर जाऊन मारायचं. अजून उजवीकडे? परत घरी, परत स्टोव्ह. कापल्यावर खिळे आणि वजन काही सांगत नाहीत, खिळ्यांमधलं अंतर तेच राहतं ना; मारूनच बघावं लागतं. जास्त कापला तर परत डावीकडे जाणार आणि मग काहीच हातात उरणार नाही. ऑफिसला चार दिवस आजारी असल्याचं कळवलंय. आई स्टोव्हमध्ये रॉकेल भरून देते आणि तोंडानं देवाचं नाव घेते.

बाबा करवत चालवतात. मला चालवू देत नाहीत, खांद्यामुळे. मी रेघ मारून देते, ते कापतात. 

टोकाच्या मागे तू तापलेल्या सुईनं ‘चंद्र’ लिहिलं होतंस, सगळ्यांवर. तासताना बाबांनी तेवढीच जागा सोडली होती, आता पहिल्याच बाणाची रेघ त्यावर आली. करवत थांबली. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी चष्मा पुसला आणि कापलं. एका बाणावर आता फक्त ‘द्र’ उरलंय, एकावर निम्मा ‘चं’ गेलाय, दोन बाणांवर काहीच नाही. पाचवा जवळपास सरळच जायचा, त्याला नुसतं हलकं टोक लावलं, नाव तसंच आहे. पाच बाण पाच लांबीचे दिसतात. पण दादा, पाचही एका जागी जातात. हात फिरवावा तर वेडेवाकडे वाटतात आणि लक्ष्यात एकमेकांना खेटून बसतात.

सहावा आज दुपारी घेतला. सगळ्यात लुळा तो, बराच कापायला हवा, तुझं पूर्ण नाव जाणार. मी रेघ मारली. बाबांनी बाण हातात धरला, नावावर अंगठा फिरवला आणि करवत खाली ठेवली. म्हणाले, "ह्यो ऱ्हवांदे."

मला म्हणायचं होतं की तीन महिने मी यासाठी मरतेय. उद्या सहा-सहाच्या फेऱ्या आहेत, सहा बाण लागणार, एक उजवीकडे जाणारा चालणार नाही. सातव्याला पिसं लावायला आता वेळ नाही. सगळं तोंडापर्यंत आलं होतं. पण त्यांनी अंगठा त्या नावावरून उचललाच नाही, आणि मी हो म्हटलं. मी काही फार भली नाही, तुला ठाऊक आहे. त्या वेळी मला फक्त त्यांची दया आली.

रागही येतोय. त्यांचा नाही, तुझा. एक ओळ लिहायला काय झालं होतं रे तुला?

सुगंधा


मुलुंड, ९ डिसेंबर

दादा,

चौघींना घेतलं. मी पाचवी. चार गुणांनी.

तीस मीटरवर मी दुसरी होते. मालननं मला डोळा मारला. पन्नासवर वारा होता, अंधेरीचं मैदान उघडं आहे, पण वाऱ्याला मी नाव ठेवणार नाही. पाच बाण जिथे सोडायचे तिथे गेले. सहावा मी प्रत्येक फेरीत शेवटी ठेवला, आणि तो उजवीकडे जातो म्हणून डावीकडे धरून मारला. कधी जमलं, कधी नाही. शेवटच्या फेरीत तो लक्ष्याच्या पांढऱ्या कडेवर लागला, एकच गुण. तो आत लालात लागला असता तर मी चौथी असते.

बाबा प्रेक्षकांच्या दोरीमागे उभे होते. पहिल्या फेरीला त्यांना वाटलं असेल माझा हात चुकला. तिसऱ्या फेरीपर्यंत कळलं होतं. प्रत्येक वेळी सहावा बाण लावला की ते मान खाली घालायचे, बघायचेच नाहीत. मला ते दिसत होतं आणि दिसू नये असं वाटत होतं.

निकाल लागल्यावर सर सांत्वन करायला आले. बाबा नाही आले. बसमध्ये माझं धनुष्य त्यांनी मांडीवर आडवं धरलं आणि मुलुंड येईपर्यंत बाहेर बघत राहिले. मी मनात माळ्याची शिडी बघत होते. अट ती अट. घरी आल्यावर मी स्वतःच धनुष्याची दोरी उतरवली, कापडात गुंडाळलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. माझ्याच्यानं रडू आवरलं नाही.

त्यांनी धनुष्याला हात लावला नाही. स्टोव्ह पेटवला. सहावा बाण घेतला, टोक तापवून काढलं, आणि आदल्या दिवशीची माझी रेघ शोधून काढून कापला. तुझ्या नावाचा तुकडा खाली पडला. तो उचलून त्यांनी शर्टाच्या खिशातनं एक काडेपेटी काढली. आत बाकीचे तुकडे होते, ‘चं’, ‘द्र’, सगळे. मला वाटलं होतं आईनं ते केरात टाकले. हा त्यात ठेवला आणि काडेपेटी देव्हाऱ्यात, तुझ्या मुंजीच्या फोटोमागे सरकवली. तो फोटो तिथे आहे हे मला आजवर माहीत नव्हतं.

मग धनुष्य उचलून खुंटीवर टांगलं. माळ्यावर नाही, खुंटीवर. म्हणाले, "फुडच्या वर्साक काठये आतापासून सुकत घालूक होये." मी म्हटलं, "कसल्या काठ्या?" तर म्हणाले, "तुझ्या धनुष्याच्यो."

ते मार्गशीर्षात गावी जाणार आहेत, चिवारी तोडायला. मी म्हटलं मी वजन टांगून निवडून देईन. मान हलवली. म्हणाले, "लिवतंस ना तेका? खाली जागा ठेव."

मी तुला अजूनही लिहितेय हे त्यांना पत्त्यासकट ठाऊक होतं की काय कोण जाणे. अंतर्देशीयाची ही शेवटची घडी आहे, इथून खाली मी सोडते. मी वाचणार नाही, ते लिहून स्वतःच चिकटवणार आहेत. तुझी ओळ मला आता नको. त्यांना दे.

सुगंधा

चि. चंद्रप्रकाश यास,
अठ्ठावीस पौंडास काठी केवढी जाड घ्यावी, आणि वाकवून कसे ओळखावे, ते मला समजत नाही. कळव.
बाबा